नाव खोडले म्हणून माणूस लपतो का?

एका खेळाने सुरुवात करू. तुमच्या मित्राने महाराष्ट्रातील कोणतीही एक व्यक्ती मनात धरावी. तुम्ही त्याला प्रश्न विचारायचे, पण त्याने उत्तर द्यायचे ते फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढेच. ती व्यक्ती ओळखायला तुम्हाला किती प्रश्न लागतील?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एवढ्या गर्दीतून एक माणूस शोधायचा म्हणजे हजारो प्रश्न लागतील असे कोणालाही वाटेल. आता हिशेब करून पाहा. प्रत्येक प्रश्न असा निवडा की त्यामुळे उरलेल्या गर्दीचे दोन सारखे भाग व्हावेत. पहिल्या प्रश्नानंतर ५ कोटी ६२ लाख लोक उरतील, दुसऱ्यानंतर २ कोटी ८१ लाख. दहा प्रश्नांनंतर सुमारे १ लाख १० हजार, वीस प्रश्नांनंतर सुमारे १०७ आणि सत्ताविसाव्या प्रश्नानंतर एकच! कारण २ चा २७ वा घात १३ कोटी ४२ लाख होतो आणि तो आपल्या लोकसंख्येपेक्षा मोठा आहे. साऱ्या जगाची लोकसंख्या घेतली तरी ३३ प्रश्न पुरतात.

या सत्तावीस प्रश्नांत 'त्याचे नाव काय?' हा प्रश्न आपण एकदाही विचारलेला नाही, हे ध्यानात घ्या. नावाशिवायही माणूस सापडतो, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

खेळातले प्रश्न सोडून आता खऱ्या आयुष्यातल्या नोंदी घेऊ. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. जिल्हा कळला की सरासरीने ३१ लाख लोक उरतात. स्त्री की पुरुष हे कळले की साडेपंधरा लाख. आता जन्मतारीख. वर्षाचे ३६५ दिवस आणि वयाची साधारण ८० वर्षे धरली तर २९,२०० निरनिराळ्या जन्मतारखा होतात. साडेपंधरा लाखांना २९,२०० ने भागा, उत्तर येते सुमारे ५३. म्हणजे जिल्हा, लिंग आणि जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींनी अकरा कोटींची गर्दी पन्नासएक माणसांवर आली. त्यात गावाचे नाव किंवा पिनकोड मिळाला की पुष्कळदा एकच व्यक्ती उरेल. लोकवस्ती आणि वये सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण त्याचा रोख बरोबर आहे.

नोंदी इतरांना द्यायच्याच कशाला?

तुम्ही म्हणाल, 'मग रुग्णालयाने आपले केसपेपर कुलुपात ठेवावेत, कोणालाच देऊ नयेत. प्रश्न मिटला!' पण तसे केले तर दुसरेच नुकसान होते.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या काळी बहुतेक डॉक्टरांची समजूत होती की, कॉलरा दूषित हवेने होतो. जॉन स्नो या डॉक्टरांनी नोंदणी कार्यालयाकडून मृतांची यादी मिळवली, कोण कोठे राहत होते हे पाहिले आणि पुढे ते मृत्यू नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती मृत्यूंची दाटी झालेली होती. स्नो यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण कॉलरा पाण्यातून पसरतो याचा भक्कम पुरावा त्या नोंदींतून मिळाला. यादी कुलुपात राहिली असती तर हे घडले नसते. एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, एखाद्या तालुक्यात वाढलेला क्षय, एखाद्या कारखान्याभोवती दिसणारे फुप्फुसाचे विकार, या गोष्टी हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावाचून कळत नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्षय, अपस्मार, मनाचा आजार, एचआयव्हीची लागण यांची वार्ता बाहेर फुटली तर जमलेले लग्न मोडते, नोकरी जाते, शेजारी येणे-जाणे थांबवतात. या भीतीने माणसे डॉक्टरकडे जायचेच टाळतात आणि रोग वाढत राहतो. म्हणूनच भारतात २०१७ साली झालेल्या एचआयव्ही आणि एड्सविषयक कायद्याने, त्यात सांगितलेले काही अपवाद सोडता, रुग्णाच्या संमतीवाचून त्याची लागण उघड करण्यास मनाई केली आहे.

तेव्हा प्रश्न असा आहे: गर्दीविषयीचे सत्य कळावे, पण गर्दीतला एकेक माणूस मात्र कळू नये, असे काही करता येईल का?

राज्यपालांच्या आजाराच्या नोंदी

पहिला उपाय सुचतो तो सोपा. नाव आणि पत्ता खोडून टाकायचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० नंतरच्या दशकात हेच केले गेले. सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या मंडळाने सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आजारांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावे काढली होती. पण पिनकोडसारखा तिकडचा टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढे मात्र राहिले होते.

लतान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी तेव्हा एमआयटी या संस्थेत संगणकशास्त्राचा अभ्यास करीत होती. राज्याचे राज्यपाल विल्यम वेल्ड हे केंब्रिज शहरात राहतात हे सर्वांना ठाऊक होते. स्वीनी यांनी २० डॉलर भरून त्या शहराची मतदार यादी विकत घेतली. यादीत नाव, पत्ता, टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग हे सारे होते. राज्यपालांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले सहा. त्यांतले पुरुष तीन. आणि राज्यपालांच्या टपाल क्रमांकातला एकच! नाव खोडलेल्या नोंदींतून राज्याच्या प्रमुखाचे आजार आणि औषधे त्यांना मिळाली.

येथे कोणी कुलूप फोडले नाही की चोरी केली नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि दोन्हींत सारखे असलेले रकाने जुळवले, एवढेच झाले. एका यादीत आजार होता पण नाव नव्हते, दुसरीत नाव होते पण आजार नव्हता. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला की, अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक या तीन गोष्टींनी एकटे पडू शकतात. दुसऱ्या एका संशोधकाने २००६ साली नव्या जनगणनेवरून हाच हिशेब केला, तेव्हा आकडा सुमारे ६३ टक्के आला. तोही काही लहान नव्हे.

१ जूनचे वाढदिवस

आता आपल्याकडचे एक गमतीचे उदाहरण पाहा. तुमच्या आजोबांच्या पिढीतील माणसांना वाढदिवस विचारा. पुष्कळांचा वाढदिवस १ जून निघेल! शाळा जूनमध्ये भरत असे. मुलाची खरी जन्मतारीख घरी कोणाला ठाऊक नसे, मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि पुढे '१ जून' लिहून टाकीत. समजा एखाद्या तालुक्याच्या नोंदीत 'पुरुष, जन्म १ जून १९५२' असे आढळले. हा कोण असेल? त्या तालुक्यात असे कितीतरी जण सापडतील. गुरुजींच्या अंदाजाने त्या सर्वांना नकळत एकाच गर्दीत उभे केले आणि ती गर्दी त्यांना लपवते.

हीच युक्ती मुद्दाम वापरता येते. पियेरान्जेला समाराती आणि लतान्या स्वीनी यांनी १९९८ मध्ये ती मांडली. संपूर्ण जन्मतारखेऐवजी '३० ते ३९ वर्षे' असा वयोगट लिहायचा. पिनकोडचे सहा आकडे देण्याऐवजी पहिले तीनच द्यायचे. असे ढोबळ करीत जायचे, की यादीतील प्रत्येक माणसासारखे दिसणारे आणखी काही जण यादीत असावेत. प्रत्येक गटात निदान पाच जण असले तर शोधणाऱ्याला पाचांतला नेमका कोण हे सांगता येणार नाही. या गुणाला 'के-अनामिकता' म्हणतात. 'के' म्हणजे गटातील किमान माणसांची संख्या.

युक्ती चांगली आहे, पण तिला एक भोक आहे. समजा एका गटातल्या पाचही जणांना क्षय आहे. आता त्यांतला तुमचा शेजारी नेमका कोणता हे ओळखायची गरजच उरत नाही. तो त्या गटात आहे एवढे कळले की त्याचा आजारही कळला!

बिंदू आणि रेषा

समाजमाध्यमांवरील माहिती तर याहून अवघड. तेथे माणूस त्याच्या वयाने वा गावाने ओळखला जातो तसाच त्याच्या मैत्रीच्या आकृतीनेही ओळखला जातो.

एका कागदावर तुमच्या वर्गातील प्रत्येकासाठी एक बिंदू काढा आणि ज्यांची मैत्री आहे ते बिंदू रेषेने जोडा. नावे लिहू नका. आता हा कागद वर्गातल्याच कोणाला दाखवला तर काय होईल? त्याला ठाऊक असते की, स्नेहलला पाच मैत्रिणी आहेत आणि त्या पाचजणींची आपापसांत मैत्री नाही. ज्यातून पाच रेषा निघतात आणि ज्यांची टोके एकमेकांशी जोडलेली नाहीत, असा बिंदू कागदावर बहुधा एकच असेल. तो स्नेहलचा. एक बिंदू कळला की त्याच्या आधाराने शेजारचे बिंदू उलगडू लागतात. शब्दकोड्यात एक शब्द सुटला की त्याला छेदणारे शब्द सुटतात ना, तसेच.

अरविंद नारायणन आणि विटाली श्मातिकॉव्ह या दोन संशोधकांनी २००९ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवले. ट्विटर आणि फ्लिकर या दोन माध्यमांतील मैत्रीच्या रेषा त्यांनी घेतल्या. एका जाळ्यातली नावे झाकली आणि केवळ आकृत्या जुळवून पाहिल्या. दोन्हीकडे खाते असल्याची खात्री पटलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ओळखता आले. चुकीचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते.

शिवाय येथे आपली माहिती एकट्या आपल्या हाती नसते. फेसबुकवर चालणारी एक प्रश्नावली अमेरिकेत आणि इतरत्र मिळून सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतली होती. पण त्या काळच्या नियमांप्रमाणे तिला त्या लोकांच्या मित्रांचीही माहिती मिळत असे. ही माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे गेल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा फेसबुकनेच बाधितांचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असू शकेल असे सांगितले. भारतात ती प्रश्नावली घेणारे होते अवघे ३३५. पण माहिती गेली असण्याचा संभव होता सुमारे ५ लाख ६२ हजारांची. उरलेल्यांनी काहीच केले नव्हते. त्यांच्या मित्राने 'होय' म्हटले होते!

नाण्याची करामत

मग यावर काही तोड आहे की नाही? आहे, आणि तिची सुरुवात एका जुन्याच विचारातून झाली.

फुग्यातील हवेचा विचार करा. तिच्यात असंख्य रेणू इकडेतिकडे धावत असतात. एखाद्या विशिष्ट रेणूचा या क्षणी वेग किती, हे आपल्याला ठाऊक नसते. तरीही फुग्यातला दाब आपण अचूक सांगू शकतो, कारण दाब हा साऱ्या रेणूंचा मिळून गुण आहे. आपल्याला रोग किती पसरला हे हवे आहे. म्हणजे 'दाब' हवा आहे, एकेका 'रेणूचा वेग' नको आहे.

स्टॅन्ली वॉर्नर या सांख्यिकीच्या अभ्यासकाने १९६५ साली एक पद्धत सुचवली. तिचे एक सोपे रूप असे. समजा, १००० विद्यार्थ्यांना विचारायचे आहे: 'तुम्ही परीक्षेत कधी कॉपी केली आहे का?' प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा पडला तर खरे उत्तर लिहायचे. काटा पडला तर नाणे पुन्हा उडवायचे. आता छापा आला तर 'होय' आणि काटा आला तर 'नाही' असे लिहायचे, खरे काय ते विसरून.

समजा ३४० कागदांवर 'होय' आले. साधारण ५०० जणांचा पहिला काटा पडला असणार आणि त्यांतल्या निम्म्यांनी, म्हणजे २५० जणांनी, नाण्याच्या हुकुमाने 'होय' लिहिले असणार. ३४० मधून २५० वजा केले की ९० उरतात. हे ९० जण खरे सांगणाऱ्या ५०० पैकी. म्हणजे कॉपी करणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्के. सर्वांचे सत्य कळले. पण एखाद्याच्या कागदावर 'होय' दिसले तर? 'मला नाण्याने सांगितले' असे तो म्हणू शकतो आणि त्याचे म्हणणे कोणालाच खोडता येत नाही. संशय काहीसा वाढतो हे मान्य केले पाहिजे. हिशेब केलात तर 'होय' लिहिणाऱ्यांत खरोखर कॉपी केलेले सुमारे ४० टक्के निघतील. पण सिद्ध काहीच होत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. नाणे नेमके निम्म्या वेळा छापा देत नाही, त्यामुळे उत्तरात चूक येते. १००० विद्यार्थी असतील तर ही चूक साधारण ३ टक्के-गुणांची असते. म्हणजे १८ ऐवजी १५ किंवा २१ येऊ शकेल. एक लाख विद्यार्थी असतील तर ती ०.३ वर येते. पण ४० जणांच्या एका वर्गात ती १५ च्या घरात जाते आणि उत्तर जवळजवळ निरुपयोगी होते. गर्दी मोठी असेल तर गुपित राखणे स्वस्त पडते.

एकदाच विचारा

सिंथिया ड्वॉर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि ॲडम स्मिथ यांनी २००६ मध्ये या कल्पनेला गणिताचा काटेकोर आकार दिला. त्यांची अट अशी: तुमची नोंद यादीत असली काय आणि नसली काय, यादीवरून दिलेले कोणतेही उत्तर जवळजवळ तितक्याच संभाव्यतेने आले पाहिजे. याला 'डिफरेन्शियल प्रायव्हसी' म्हणतात.

अशी अट हवी कशाला, केवळ बेरीज जाहीर केली तर काय बिघडते? पाहा. शाळेने जुलैत जाहीर केले, 'नववीत अपस्माराचे ३ विद्यार्थी आहेत.' ऑगस्टमध्ये एक मुलगा शाळा सोडून गेला. सप्टेंबरमध्ये पुन्हा जाहीर झाले, '२ विद्यार्थी आहेत.' दोन्ही वेळा नाव कोणाचेच घेतले नाही, पण साध्या वजाबाकीने त्या मुलाचा आजार गावाला कळला. त्याऐवजी प्रत्येक आकड्यात संभाव्यतेच्या नियमाने थोडी कमी-जास्त चूक मुद्दाम मिसळली असती, तर ३ आणि २ यांतला फरक त्या मुलामुळे की चुकीमुळे, हे कळलेच नसते.

प्रयोगशाळेत आपण लंबकाचा आवर्तकाल पुनःपुन्हा मोजतो आणि सरासरी काढतो. त्याने यादृच्छिक चुका एकमेकींना खोडतात आणि खरे मूल्य वर येते. तेथे जे आपल्या फायद्याचे, तेच येथे घातक. वरच्या प्रयोगात एकाच विद्यार्थ्याला वीस वेळा नाणे उडवायला लावले तर कॉपी केलेला सुमारे १५ वेळा 'होय' लिहील आणि न केलेला सुमारे ५ वेळा. गुपित फुटले! म्हणून या पद्धतीत एकाच यादीला किती प्रश्न विचारू द्यायचे यावर आधीच मर्यादा घालावी लागते.

ही पद्धत आता प्रत्यक्ष वापरात आली आहे. गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये २०१४ साली नाण्याच्या पद्धतीसारखीच रीत वापरली. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी दिली, पण लहान वस्त्यांच्या आकड्यांत अशी चूक मिसळली. त्यावर 'आमच्या लहान गावाचे आकडे बिघडले' अशी तक्रारही झाली, आणि ती निराधार नव्हती. किती अचूकता सोडायची आणि किती गोपनीयता राखायची, हे गणित ठरवून देत नाही. ते समाजाला ठरवावे लागते.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा हवाच, पण नाव खोडलेली यादी सुरक्षित आहे असे कोणी सांगितले तर त्याला प्रश्न विचारण्याइतके गणित तुमच्याजवळही हवे. यादीत आणखी कोणते रकाने आहेत? ते रकाने दुसऱ्या कोणत्या यादीत आहेत? माझ्यासारखे दिसणारे किती जण यादीत आहेत?

करून पाहा

नाण्याचा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने शाळेत करता येईल. प्रथम असा प्रश्न घ्या की ज्याचे खरे उत्तर पडताळता येते. उदाहरणार्थ, 'तुमचा जन्म जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत झाला आहे का?' सर्व तुकड्यांतील कागद एकत्र करा. 'होय' कागदांच्या संख्येतून एकूण संख्येचा चौथा भाग वजा करा, बाकीला दोनाने गुणा आणि हजेरीपटावरून काढलेल्या खऱ्या संख्येशी ताडून पाहा. मग एकाच तुकडीचे कागद घेऊन हेच करा आणि चूक किती वाढते ते पाहा. पद्धतीवर विश्वास बसला की मगच नाजूक प्रश्न विचारा. कागदावर नाव, हजेरी क्रमांक आणि जन्मतारीख लिहू नये. ती का लिहू नये, हे आता सांगावयास नको.